सातव्या पितामहापर्यंत : पितृवंशाची डीएनए चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

भोर आणि वेल्हे या भागांतील धम्मबांधवांशी आमचा जुना परिचय आहे. मागील वर्षावासात सुत्तवाचनाच्या निमित्ताने तिकडे जाणे झाले, तेव्हा वाचन संपल्यावर दोन वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. एक भोरकडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. दुसरे वेल्ह्याकडील, शेतकरी. नात्याने दोघे एकमेकांचे व्याही. गुरुजींच्या मुलाने पुण्यातून एका खासगी प्रयोगशाळेमार्फत दोघांच्याही पितृवंशाची डीएनए चाचणी करवून घेतली होती. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तो पाकिटात घालून पाठवावयाचा, एवढेच काम. महिन्या-दोन महिन्यांनी अहवाल आले. गुरुजींच्या अहवालात 'आर-१-ए' असे लिहिले होते, व्याह्यांच्या अहवालात 'एच'. पहिली खूण बाहेरून आलेल्यांची आणि दुसरी या भूमीतील मूळच्या लोकांची, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. गुरुजींनी हसत हसतच विचारले, "म्हणजे सर, आम्ही परके आणि आमचे व्याही तेवढे इथले, असे समजायचे का?" हसण्यामागची अस्वस्थता मात्र लपत नव्हती.

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न होय. प्रश्न केवळ दोन व्याह्यांचा नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावे करिन्यांत, शकावल्यांत आणि सनदांत लिहून ठेवली गेली, त्यांना प्रयोगशाळेची फारशी गरज वाटत नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाने केवळ कामापुरते ओळखले, त्यांनाच हा कागद मोलाचा वाटतो. म्हणून तो कागद कसा वाचावा, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

पोथी आणि पाठभेद

मनुष्याच्या पेशीच्या केंद्रात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. तेविसावी जोडी लिंग ठरविणारी असते. स्त्रीच्या ठिकाणी ती दोन 'एक्स' गुणसूत्रांची, पुरुषाच्या ठिकाणी एका 'एक्स'ची व एका 'वाय'ची. इतर जोड्यांतील गुणसूत्रे पुढच्या पिढीत जाण्यापूर्वी आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. त्यामुळे आजीचे किती आणि आजोबांचे किती, याची सरमिसळ दर पिढीत नव्याने होते. 'वाय' गुणसूत्राला समान जोडीदार नसल्याने त्याची केवळ टोके सोडली तर अशी देवाणघेवाण होत नाही. बापाचे 'वाय' मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. मुलीकडे ते जातच नाही. या गुणसूत्रात सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरे आहेत व त्यांचे आरंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण वाचन २०२३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

'जवळजवळ जसेच्या तसे' या शब्दांतच या चाचणीचे सारे मर्म आहे. पाली ग्रंथांच्या अभ्यासकास ते समजावयास कठीण नाही. ताडपत्रावरील पोथी उतरवून घेताना एखाद्या लेखकाच्या हातून एक अक्षर चुकले, तर त्या पोथीवरून पुढे उतरविलेल्या प्रत्येक पोथीत ती चूक येते. म्हणून सिंहली, ब्रह्मी व सयामी प्रती समोर ठेवल्या आणि दोन प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळली, की त्या दोन्हींच्या मागे एकच मातृका आहे, असे अनुमान आपण करतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हाही पोथ्यांची कुळे अशाच पद्धतीने लावली गेली. 'वाय' गुणसूत्राचे कूळ लावण्याची रीत याहून वेगळी नाही. पोथीतील पाठभेद तेथे चूक ठरतो, येथे त्यास उत्परिवर्तन म्हणतात.

हे पाठभेद दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येणे. एका ठरावीक जागी असा बदल क्वचितच होतो, आणि झाला की त्या पुरुषाच्या पुत्रपौत्रांत कायम राहतो. अशा बदलांवरून जगातील सर्व पुरुषवंशांचा एक वृक्ष तयार करण्यात आला असून त्याच्या मुख्य शाखांना रोमन अक्षरांची नावे आहेत. शास्त्रज्ञ या शाखांना 'हॅप्लोग्रूप' म्हणतात. आपण त्यांस पितृवंशगट म्हणू. 'आर-१-ए' व 'एच' ही अशा शाखांचीच नावे होत. २००२ मध्ये या नावांची एकसूत्री पद्धत ठरविण्यात आली.

दुसरा प्रकार म्हणजे लहानसा तुकडा लागोपाठ अनेकदा येणे. एखाद्या जागी तो तुकडा वडिलांच्या ठिकाणी १३ वेळा असेल, तर मुलाच्या ठिकाणी क्वचित १४ वेळा होतो. हा बदल अधिक वेगाने घडतो, म्हणून अलीकडच्या काही शतकांतील नाते तपासण्यास तो उपयोगी पडतो. चाचणी करणाऱ्या कंपन्या ३७, ६७ किंवा १११ जागांवरील असे आकडे देतात ते याचसाठी. दोन पुरुषांचे ३७ पैकी ३७ आकडे जुळले, तर त्यांचा पितृवंशातील समान पूर्वज फार दूरचा नसावा, असे म्हणता येते. तथापि तो पाचव्या पिढीतील की बाराव्या, हे निश्चयाने सांगता येत नाही; केवळ संभव सांगता येतो. अहवालातील वर्षांचा आकडा जन्मनोंदीतील तारखेसारखा वाचू नये.

एकशे अठ्ठावीसांपैकी एक

आता थोडा हिशेब करू. प्रत्येकास दोन मातापिता, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. अशा सात पिढ्या वर गेलो की पूर्वजांच्या १२८ जागा होतात. 'वाय' गुणसूत्र यांपैकी नेमक्या एका जागेवरून आलेले असते : बापाच्या बापाच्या बापाकडून. मातेकडून अपत्यांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रिया या पेशीघटकातील डीएनए असाच आणखी एका जागेवरून येतो : आईच्या आईच्या आईकडून. उरलेल्या १२६ जागांविषयी या दोन्ही चाचण्या मौन पाळतात. शिवकालापर्यंत जावयाचे तर बारा-तेरा पिढ्या मागे जावे लागते. बाराव्या पिढीत जागा होतात ४०९६. त्यांतील पुष्कळ जागांवर तीच माणसे पुनःपुन्हा येतात, कारण खोऱ्यातील सोयरिकी खोऱ्यातच होत. तरीही 'वाय' त्यांपैकी एकाचीच वार्ता आणते.

आमच्या दोन व्याह्यांचेच उदाहरण घ्या. गुरुजींच्या मुलास व्याह्यांची मुलगी दिली आहे. त्यांचा नातू आज शाळेत जातो. उद्या त्याची चाचणी केली तर 'आर-१-ए' असेच उत्तर येईल. वेल्ह्याच्या आजोबांचे 'वाय' त्याच्या अंगी मुळीच नाही. म्हणून तो त्यांचा नातू नव्हे काय? त्याच्या शरीरातील सुमारे चतुर्थांश वारसा त्या आजोबांचाच आहे. चाचणी खोटी बोलत नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्नच इतका अरुंद आहे की वेल्ह्याचे आजोबा त्यात मावत नाहीत.

प्राचीन महाराष्ट्राने हा अरुंदपणा नेहमीच मान्य केला होता असे नाही. सातवाहन राजे गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र अशी आपली ओळख मातेच्या नावाने लेण्यांत कोरवीत. याच पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. त्या यवनांचे वंशज पुढे कोठे गेले? ते येथल्या लोकांत मिसळून गेले असतील, तर त्यांची स्वतंत्र वस्ती शोधणे व्यर्थ होय.

परके कोण आणि मूळचे कोण?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. २००१ मध्ये मायकेल बामशाद व त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतीय जातींच्या उगमाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे नमुने आंध्र प्रदेशातील काही जातींचे होते. वरच्या मानलेल्या जातींचे पितृवंश युरोपीय लोकांशी तुलनेने अधिक जवळचे आढळतात, असा त्याचा एक निष्कर्ष होता. आपल्याकडील अनेक व्याख्यानांतून हा निबंध इतक्या वेळा सांगितला गेला की डीएनए म्हणजे परके व मूलनिवासी यांची यादी, अशी समजूत रूढ झाली. गुरुजींना कोणीतरी सांगितले ते याच समजुतीतून.

शास्त्र तेथे थांबले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आंध्रातील चेंचू या आदिवासी समूहातही आर-१-ए हा वंशगट आढळला. उलट पक्षी 'एच' हा वंशगट ब्राह्मण समूहांतही सापडतो. प्रमाण कमीअधिक असते, परंतु कोणताही गट एकाच जातीच्या मालकीचा नाही. आर-१-ए ही शाखा जातिसंस्थेहून कित्येक सहस्र वर्षांनी जुनी आहे. जी खूण जातीच्या आधीची, ती जातीचा दाखला कशी होईल?

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील लालजी सिंग व के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राईश यांनी केवळ 'वाय'च नव्हे, तर सर्व गुणसूत्रांवर पसरलेल्या खुणा तपासल्या. बहुतेक सर्व भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले असून मिश्रणाचे प्रमाण तेवढे वेगवेगळे आहे, असे त्यांना आढळले. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांवरून या मिश्रणाचा काळ काढला : आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात मिश्रण सर्वत्र चालू होते. पुढे ते थांबत गेले आणि समूहांतर्गत विवाहाची बंधने आवळली गेली. २०१६ मध्ये कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या पार्थ मजुमदार प्रभृतींनी काही समूहांत ही बंधने सुमारे ७० पिढ्यांपूर्वी पडल्याचे दाखविले. २०१९ मध्ये स्टेप प्रदेशातून इ. स. पू. २००० नंतरच्या शतकांत लोक आल्याचा पुरावा विस्ताराने मांडला गेला. म्हणजे बाहेरून लोक आले हे खरे. परंतु आलेले आणि असलेले यांच्या मिश्रणातूनच आजचे सर्व समूह बनले, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी सहकाऱ्यांसह राखीगढी येथील सिंधू संस्कृतीच्या एका सांगाड्याचा डीएनए प्रसिद्ध केला. तो सांगाडा स्त्रीचा होता. त्या काळाविषयी एवढे मोलाचे ज्ञान आपणांस जिने दिले, तिच्या ठायी 'वाय' गुणसूत्रच नव्हते.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचे वाचक येथे थबकतील. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, असे प्रतिपादिले होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात त्यांनी दे. रा. भांडारकर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन सांगितले की भारतातील वंश रक्ताने व संस्कृतीने मिसळून गेल्यानंतर फार उशिरा जातिसंस्था आली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांचे कोष्टक घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे त्यांनी दाखविले. त्या काळी मापपट्टी नाकाला लावीत, आज ती गुणसूत्राला लावतात. साधन बदलले. 'आधी मिश्रण, मग बंधन' हा क्रम मात्र २०१३ च्या अभ्यासातही तोच निघाला. बाबासाहेबांच्या सर्वच सिद्धांतांची परीक्षा प्रयोगशाळेत होते असे नव्हे. परंतु वंशाच्या आधारे माणसांची वाटणी करण्यास त्यांनी जो नकार दिला, तो सोडून देण्याचे कोणतेही कारण डीएनएने आपणांस दिलेले नाही.

घाटापलीकडील आणि समुद्रापलीकडील दोन उदाहरणे

भोरहून वरंधा घाटाने उतरले की आपण महाडला, म्हणजे रायगड जिल्ह्यात पोहोचतो. याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले व त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतील ज्यू व येथील स्थानिक लोक अशा दोघांचाही मोठा वाटा त्यांत आढळला. मिश्रणाचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला, आणि बाहेरून आलेल्यांत पुरुषांचा वाटा अधिक, स्थानिकांत स्त्रियांचा वाटा अधिक असे दिसले. केवळ पितृवंश पाहिला असता तर हे लोक बाहेरचे ठरले असते. केवळ मातृवंश पाहिला असता तर येथलेच ठरले असते. दोन्ही उत्तरे अर्धी होत.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मळ्यावर सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिची मुले जेफरसन यांचीच, असे तिच्या वंशजांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाई; प्रतिष्ठित इतिहासकार ते धुडकावून लावीत. जेफरसन यांच्या विवाहसंबंधातून पुरुषवंश पुढे चालला नव्हता. म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या चुलत्याच्या पुरुषवंशजांचे 'वाय' घेण्यात आले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुषवंशजाशी ते जुळले. मात्र वुडसन नावाच्या दुसऱ्या एका कुटुंबाची तशीच परंपरा होती. तिला या चाचणीचा आधार मिळाला नाही. एस्टनचा पिता जेफरसन कुळातील पुरुष होता, एवढेच 'वाय'ने सांगितले. तो पुरुष कोणता, हे ठरविण्यास मळ्यावरील नोंदवह्या व जन्मकाळाचे पुरावे लागले. या सर्वांचा विचार करून जेफरसन यांच्या स्मारकाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने २००० मध्ये ते स्वतःच पिता असण्याचा संभव फार मोठा असल्याचे मान्य केले.

हे उदाहरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. गुलामांच्या घरातील तोंडी परंपरा लिखित इतिहासापेक्षा खरी निघू शकते, हे त्याने दाखविले. तसेच चाचणीचा खरा उपयोग कशात आहे, हेही दाखविले. प्रश्न नेमका हवा, तुलनेस योग्य माणूस हवा, आणि सोबत कागद हवेत.

भोर-वेल्ह्यात काय करता येईल

मग आपल्या खोऱ्यांत असे नेमके प्रश्न कोणते? हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे या भागांतील देशमुख घराण्यांचे इतिहास वतनाच्या तंट्यांमुळे लिहिले गेले. कारीच्या जेधे घराण्याची शकावली व करिना तर शिवकालाची साधने म्हणून प्रसिद्ध आहेत. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे दफ्तर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालू होते. या कागदांत महार वतनदारांची नावे येतात, पण ती बहुधा कामाच्या, हक्काच्या किंवा तंट्याच्या निमित्ताने. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरील नावांत जो 'नाक' प्रत्यय दिसतो, तसा प्रत्यय असलेली नावे जुन्या कागदांत आढळली, तरी त्यांचा आजच्या आडनावाशी सांधा जुळविणे अवघड असते. आडनावे पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावर प्रथम लिहिली गेली.

पहिला प्रश्न एका आडनावाचा. आपल्याकडे तीच आडनावे वेगवेगळ्या समाजांत आढळतात. मराठा व महार समाजांतील कुळांच्या सारखेपणाकडे बाबासाहेबांनीही लक्ष वेधले होते. हा सारखेपणा रक्ताच्या नात्याने आला, गावावरून आला की आश्रयदात्या घराण्यावरून आला, हे 'वाय'च्या तुलनेने काही कुटुंबांपुरते तपासता येईल. इंग्लंडमध्ये ब्रायन साईक्स यांनी २००० मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत एकच वंशखूण आढळली, उरलेल्यांत नाही. दत्तकविधान, घरजावई, आईकडून आलेले नाव, अशी अनेक कारणे नाव आणि रक्त यांना वेगळे करतात.

दुसरा प्रश्न विखुरलेल्या भावकीचा. भाटघरच्या धरणाने वेळवंडीच्या काठची, पानशेत व वरसगावच्या धरणांनी वेल्ह्याकडील गावे पाण्याखाली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याचे पुण्यास स्मरण आहे. धरणाखाली ज्यांची घरे कायमची गेली, त्यांचे स्मरण कमी. अशी कुटुंबे दूरच्या तालुक्यांत वसली, काही मुंबईच्या गिरण्यांत गेली. आपले पणजोबा सख्खे भाऊ होते असे दोन कुटुंबे सांगत असतील, तर प्रत्येकी एका पुरुषाची चाचणी त्या सांगण्यास आधार देऊ शकते किंवा शंका उपस्थित करू शकते.

परंतु कागद आधी पाहावेत. गावनमुना चौदाची जन्ममृत्यूची नोंद, ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेचे जनरल रजिस्टर. १९५८ च्या कायद्याने रद्द झालेल्या कनिष्ठ गाववतनांचे कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारातील दफ्तर. हे सारे चाचणीपेक्षा स्वस्त असून त्यांत स्त्रियांची नावेही सापडतात.

तीन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. एक, पुरुषवंशाचा निकाल एकट्याचा नसतो. तो भावाचा, चुलत्याचा, पुतण्याचाही असतो. घरातील एखादे झाकलेले दुःख त्यातून उघडे पडू शकते, म्हणून आधी घरच्यांशी बोलावे. ज्या मुरळ्यांच्या व जोगतिणींच्या मुलांना गावाने पित्याचे नाव दिले नाही, त्यांच्या वंशजांस पितृवंशाची ही फूटपट्टी लावताना तर अधिकच जपावे. दोन, आपले उत्तर कंपनीच्या संग्रहात कोणाचे नमुने आहेत यावर अवलंबून असते, आणि आपल्या भागातील नमुने तेथे थोडेच असतात. तीन, ही माहिती एकदा दिली की परत घेणे कठीण. ट्वेन्टीथ्री-अँड-मी या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांच्या डीएनएचे पुढे काय होणार, हा प्रश्न तेव्हा साऱ्यांपुढे उभा राहिला.

असित देवलांचा प्रश्न

मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात भगवंतांनी असित देवल ऋषींची एक कथा सांगितली आहे. सात ब्राह्मण ऋषी आपल्या जन्मश्रेष्ठतेचा अभिमान मिरवीत होते. देवलांनी त्यांस विचारले की तुमची माता केवळ ब्राह्मणाकडेच गेली, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? तिची माता, तिचीही माता, अशा सात पिढ्यांपर्यंत ठाऊक आहे काय? पित्याविषयी, पित्याच्या पित्याविषयी, सातव्या पितामहापर्यंत ठाऊक आहे काय? प्रत्येक प्रश्नास त्या ऋषींना नकारार्थी उत्तर द्यावे लागले. मग तुम्ही कोण, हे तरी तुम्हांस ठाऊक आहे काय, असा देवलांचा अखेरचा प्रश्न होता.

त्या काळी निर्दोष कुलीनतेची कसोटी माता व पिता अशा दोन्ही बाजूंनी सात पिढ्यांची मानली जाई. आजची चाचणी त्या १२८ जागांपैकी एकीवर दिवा धरते. देवलांचा प्रश्न तिने सुटत नाही. परंतु सर्व गुणसूत्रांच्या अभ्यासाने त्यास एक अनपेक्षित पुष्टी मिळाली आहे. बुद्धकाल हा नेमका त्या मिश्रणाच्या काळातच येतो, जो ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीचा म्हणून निघाला. श्रावस्तीत शुद्ध जन्माच्या गोष्टी बोलल्या जात होत्या, तेव्हा उपखंडात माणसे एकमेकांत मिसळत होती. ऋषींचे अज्ञान प्रामाणिक होते. अभिमान तेवढा निराधार होता.

गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले की आपणही येथले आणि आपले व्याहीही येथले. दोघांच्याही पूर्वजांत आलेले आहेत आणि असलेलेही आहेत. अहवाल जपून ठेवावा, परंतु त्यास जन्मपत्रिका करू नये. मग विहारातील एका कोऱ्या वहीत दोघांनी आपापली वंशावळ लिहावयास घेतली. बापाच्या बाजूने पाच नावे भराभर उतरली. आईच्या बाजूस वेल्ह्याचे आजोबा थांबले. आईचे नाव त्यांनी लिहिले. ती मढे घाटाखालच्या गावची, हेही लिहिले. तिच्या आईचे नाव काही केल्या आठवेना. "थोरल्या मावशीला ठाऊक असेल," ते म्हणाले, "ती अजून आहे." आम्ही त्यांना दुसऱ्याच दिवशी मावशीकडे जाण्यास सांगितले. कोणतीही प्रयोगशाळा ते नाव सांगू शकणार नाही, आणि मावशीचे वय नव्वदीच्या पुढे आहे.